चितरी परत द्यायची होती

चंद्रपूर
१२ डिसेंबर २००४

प्रिय अजय,

तुझं पत्र गेल्या मंगळवारी मिळालं. त्यानंतर दुकानात तुझे दोन फोनही येऊन गेले. दोन्ही वेळा मी तिथंच होतो, पण अब्बांना सांगून ठेवलं होतं की अजीम बाजाराला गेला म्हणा. फोनवर आपलं जमत नाही. तू बोलतोस, मी ऐकतो आणि शेवटी 'बरं' म्हणून रिसीव्हर ठेवतो. शाळेपासून हे असंच चालत आलं. म्हणून कागद घेतला. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

घरचं तसं ठीक आहे. अम्मीचे गुडघे थंडीत जास्त दुखतात. अब्बांनी कल्हईचं काम बंद केलं, आता भांड्यांच्या दुकानात निम्मं प्लास्टिक असतं. मागच्या महिन्यात कोरपन्याला गेलो तेव्हा बसस्टँडवर तुझे बाबा भेटले. कापूस बरा आहे म्हणाले. तुझं नाव निघालं तसा त्यांचा चेहरा फुलला. "पोरगा कुत्र्याइमंदी नाव काढून राह्यला," म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "तू काऊन सोडलं रे त्याच्यासंगचं काम?" मी म्हटलं, दुकान सांभाळायला कोणी नव्हतं. त्यांना ते पटलं नाही, पण बस लागली होती. खरं उत्तर मी त्यांना दिलं नाही. तुलाही कधी दिलं नाही. तू विचारलंही नाहीस.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरपासून सुरुवात करतो. तुला एटापल्लीकडचं जंगल बघायचं होतं, मला बाजारात भांडी न्यायची होती, आणि तू नवी जीप घेतली होतीस. बाजार उरकून आपण इसरूच्या गावी मुक्कामाला गेलो. इसरू माझा कोण, हे मी तुला वाटेत सांगितलं होतं, पण तू गाण्यांची कॅसेट लावण्यात गुंतला होतास. पुन्हा सांगतो. त्याच्या दोन वर्षं आधी, पावसाळ्यात, त्या बाजारात मला थंडीताप भरला. शुद्ध गेली. ओळख नाही, पाळख नाही, इसरूनं मला आपल्या बैलगाडीत घातलं आणि घरी नेलं. चार दिवस बुधरीनं मला पेज पाजली. माझी भांडी गावातल्या लोकांनी डोक्यावरून वाहून आणली आणि त्यातलं एक झाकणही हरवलं नाही. त्या घरात मी तेव्हापासून पाहुणा नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आपण त्याच्या शेतावर गेलो. धान कापून पडलं होतं आणि रानडुकरांचा कळप बांधावर येऊन उभा होता. तेव्हा तू इसरूच्या कुत्रीला, चितरीला, पहिल्यांदा पाहिलंस. अंगानं फार मोठी नव्हती ती. पण पिवळसर अंगावर काळे पट्टे, अगदी वाघासारखे, आणि ती भुंकतही नव्हती. नुसती डुकरांच्या आणि धानाच्या मधे जाऊन उभी राहिली. कळप वळला तशी तीही वळली. शेवटी डुकरं निघून गेली. इसरू हसून म्हणाला, "हे हाय म्हून मी झोपतो." मी इसरूकडे बघत होतो. तू पट्ट्यांकडे बघत होतास.

परत येताना तू माझ्या कानाशी लागलास. घुग्घुसच्या खाणीतले साहेब बदलीवर जाताना त्यांचा अल्सेशियन, मेजर, तुला देऊन गेले होते. तो आणि ही. अल्सेशियनचा देह आणि वाघाचे पट्टे. "अबे, नागपूरचे लोकं पागल होतीन," तू म्हणालास. इसरूला तू विकत मागितलीस. तो म्हणाला, "कुत्रं इकत नाई आमी." त्याला तुझा रागही आला नाही. तुला कळत नाही, एवढंच त्याला वाटलं. मग तू मला पुढं केलंस. मी त्याच्या अंगणात बसून सांगितलं, एकदाच पिल्लं होऊ दे, धान पेरायच्या आधी मी स्वतः आणून देतो. बुधरी आतून म्हणाली, "देशीन ना खरंच?" मी म्हटलं, देईन. इसरूनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हो म्हणाला. तुझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. चितरी त्यानं मला दिली होती, अजय. तुला नाही.

ती जीपमध्ये चढेना. तेव्हा इसरूच मागं बसला आणि तिला जवळ घेतलं. डांबरी रस्ता लागेपर्यंत तो तिच्या कानामागं खाजवत तिच्याशी गोंडीत बोलत राहिला. रस्त्यावर तो उतरला, तिचा दोर माझ्या हातात दिला आणि आलेल्या वाटेनं चालत परत गेला. ती त्याच्यामागं उडी मारायला गेली आणि मी दोर ओढला. पुढचं सगळं त्या एका ओढण्यापासून सुरू झालं असं मला वाटतं.

मार्चमध्ये पाच पिल्लं झाली. दोघांच्या अंगावर पट्टे आले. तू आनंदानं मला उचललं होतंस. नाव तूच काढलंस, 'टायगर शेफर्ड'. पेपरातली जाहिरात मात्र मी लिहिली, हे मी विसरलेलो नाही. 'जंगलचं रक्त, घरची माया.' लोक आले. बिल्डर आले, डॉक्टर आले, मोठ्या गाड्यांतून बायकापोरं घेऊन आले. हा डरकाळी फोडेल का, असं एकानं विचारलं, तेव्हा तू गंभीर चेहरा करून म्हणालास की याच्या आजोबांनी वाघाशी झुंज दिली आहे. मीही मान हलवली. पिल्लू मोठं झाल्यावर त्याला किती मोकळी जागा लागेल, त्याचा स्वभाव कसा निघेल, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना पट्टे ठळक हवे होते. पट्टेवाली दोन्ही विकली गेली; ज्या तिघांना पट्टे नव्हते, त्यांतलं एक नर पिल्लू, रक्त तर तेच आहे म्हणत, तू पुढच्या कामासाठी ठेवलंस. बाकीची दोन कुठं गेली ते तुलाच माहीत.

जून आला. मी म्हटलं, चितरीला पोचवून येतो. तू म्हणालास, अजून एक वेत होऊ दे, मग बघू. मी म्हटलं, बरं. आणि त्या पावसाळ्यापासून मी एटापल्लीचा बाजार करणं सोडलं. रस्ता खराब आहे, गिऱ्हाईक तुटलं आहे, असं मी घरी सांगत होतो. हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं.

एक बाई मात्र निराळी निघाली. केसरबाई नावाच्या, वरोऱ्याकडच्या, निवृत्त नर्स. पिल्लाला हात लावायच्या आधीच म्हणाल्या, "पिल्लाची माय दावा आधी." चितरी घुग्घुसच्या तुझ्या घरामागच्या शेडमध्ये होती. दुसऱ्या वेताचं दूध पाजून पाजून तिची हाडं वर आली होती, अंगावरचे केस गेले होते, आणि कोळशाच्या धुळीनं पट्टे दिसतही नव्हते. ती दाखवण्यासारखी नव्हती. तू शेजारच्या क्वार्टरमधली अल्सेशियन कुत्री ब्रश करून आणलीस आणि हीच आई म्हणून उभी केलीस. केसरबाई खाली बसल्या, तिच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हिनं तं कधी दूध पाजलंच नाई." उठल्या आणि निघून गेल्या. त्या गेल्यावर तू हसलास. मीही हसलो. त्या दिवशी त्यांच्यामागं धावत जाऊन मी खरं सांगितलं असतं तर चितरी वाचली असती. धावलो नाही.

मग तुला वाटायला लागलं की पट्टे पक्के झाले पाहिजेत, दर वेताला दोनच पट्टेवाली निघून परवडत नाही. तू चितरीला तिच्याच पोराशी, पहिल्या वेतातल्या त्या नराशी, लावायचं ठरवलंस. जनावरांच्या डॉक्टरांनी तुला माझ्यासमोर सांगितलं होतं, "असं करू नका, रक्त फार जवळचं आहे, आणि कुत्रीत ताकद उरलेली नाही." तू त्यांना चहा पाजून वाटेला लावलंस. नव्व्याण्णवच्या मे महिन्यात सात पिल्लं झाली. चौघांच्या अंगावर पट्टे होते, आणि त्या चौघांतल्या तिघांची टाळू फाटलेली होती. दूध तोंडात घेतलं की नाकातून बाहेर यायचं. ती भुकेनं ओरडत राहायची आणि चितरी त्यांना पुन्हा पुन्हा पोटाशी ओढायची. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी तू म्हणालास, आता संपव बाबा हे. आणि तू घराच्या पुढच्या भागात जाऊन बसलास. बादली मी भरली. पिल्लं मी धरली. हे तुला माहीत आहे. चितरी साखळीला होती आणि सगळं बघत होती, हे तुला माहीत नाही.

कुत्र्याला हात लावून घरी आलो की अम्मी मला मागच्या नळावर अंघोळ करून यायला लावायची. दारातूनच साबण फेकायची, कुरकुरायची, पण तिच्या बोलण्यात थट्टाही असायची. त्या दिवशी मी नळावर बसून तिला सगळं सांगितलं. तिनं साबण हातात घेतला होता, तो परत फळीवर ठेवला. म्हणाली, "इससे नहीं जाएगा." आणि आत गेली. त्या रात्री ताट वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

सिमेंट कॉलनीतल्या त्या कुटुंबाचं आठवतं का? त्याच वेतातलं चौथं पट्टेवालं पिल्लू त्यांनी नेलं होतं. आठ महिन्यांचं झालं आणि त्याचे मागचे पाय जाऊ लागले. उठायचं झालं की ते पुढच्या पायांवर अंग ओढायचं. ते लोक त्याला घेऊन आले. त्यांची मुलगी चंचल गाडीतून उतरायला तयार नव्हती, त्याच्या गळ्यात हात घालून बसली होती. तू म्हणालास, काळजी करू नका, बदलून देतो. मी भांडी विकतो अजय. गळकं भांडं परत आलं की मीही बदलून देतो. तू त्या मुलीच्या मांडीवरून एक कुत्रा उचललास आणि दुसरा ठेवलास, आणि मी बाजूला उभा होतो. दुसऱ्या दिवशी तो पांगळा शेडमध्ये नव्हता. मी विचारलं नाही. न विचारण्यात मी फार तरबेज झालो होतो.

आणि आता तुला कधीच न सांगितलेली गोष्ट. नव्व्याण्णवच्याच भाद्रपदात इसरू चंद्रपूरला आला होता. एटापल्लीहून दोन बस बदलून, आमच्या दुकानाचा पत्ता विचारत विचारत. मी वरच्या खोलीत होतो. खिडकीतून तो दिसला. पांढरा पंचा, खांद्यावर पिशवी, आणि चालताना एक पाय ओढत होता. मला वाटलं, प्रवासानं आखडला असेल. मी अब्बांना वरून खूण केली. तोवर अब्बा आयुष्यात खोटं बोललेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी माझ्यासाठी ते बोलले, अजीम वर्ध्याला गेला आहे. इसरू म्हणाला, "मंग बसतो." आणि दुकानाच्या पायरीवर बसला. दुपार झाली, चार वाजले. अब्बांनी चहा दिला तो त्यानं घेतला. शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा उठला, पिशवीतून चारोळीची पुडी काढून अम्मीसाठी ठेवली आणि म्हणाला, "अजीमले सांगजा, धान पोटरीत आलं. चितरीले धाडून दे म्हना." एवढंच. कणसं बाहेर पडायची वेळ आली की डुकरं शेतात उतरतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खिडकीच्या मागं सहा तास उभा होतो. अब्बा त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

तेव्हा तरी तिला सोडवायला हवं होतं. मी तुझ्याकडे आलो होतो, आठवतं? तू म्हणालास, हे वेत शेवटचं. ती पुन्हा गाभण होती. मी म्हटलं, बरं.

शेवटचं वेत दोन हजार एकच्या फेब्रुवारीत अडलं. सहावं. तू नागपूरला कुत्र्यांच्या प्रदर्शनात होतास, तिच्याच मुलीला घेऊन गेला होतास. सकाळपासून ती कळा देत होती आणि दुपारपर्यंत एकही पिल्लू बाहेर आलं नव्हतं. डॉक्टर आले. म्हणाले, "दोन्हीकडचं होणार नाही. आधी हिला सलाईन लावून उभं करायचं तर पिल्लं जातील. आत्ताच पोट उघडलं तर पिल्लं निघतील, पण हिला ते झेपणार नाही. लवकर सांगा." मी बाजूच्या बूथवरून तुला फोन लावला. तुझ्यामागं लाऊडस्पीकर वाजत होता. तू विचारलंस, पिल्लं किती आहेत? मी म्हटलं, चार तरी असतील. तू म्हणालास, "मंग इचारतो काय बे? पिल्लं काढ."

मी बूथवरून शेडपर्यंत चालत आलो. शंभर पावलं असतील. त्या शंभर पावलांत मी डॉक्टरांना काहीही सांगू शकलो असतो. फोन लागला नाही म्हणू शकलो असतो. मी म्हटलं, पिल्लं काढा. तुला मी कितीही दोष दिला तरी तो शब्द डॉक्टरांच्या कानावर माझ्याच तोंडून गेला. तीन पिल्लं जगली. तिघांच्याही अंगावर पट्टे होते. तुला प्रदर्शनात कप मिळाला होता, संध्याकाळी तू पेढे घेऊन आलास. मी तोपर्यंत तिला कोळशाच्या रेल्वे साइडिंगच्या पलीकडे पुरून आलो होतो. त्या आठवड्यात मी काम सोडलं. दुकानाचं कारण सांगितलं, आणि चार वर्षं ईदला तुझा फोन आला की हसून बोलत राहिलो.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलं आहेस की हिंगण्याजवळचं नवं केनेल जोरात आहे, मुंबईहून मागणी आहे, पण पिल्लांचे पट्टे फिके पडत चालले आहेत, निम्मी पिल्लं महिनाभरही जगत नाहीत, आणि रक्त बदलायला हवं. पुढं लिहितोस, इसरूच्या गावात चितरीच्या वंशातली पट्टेवाली कुत्री नक्की असेल, तू जाऊन बोलून ठेव, पुढच्या रविवारी मी जीप घेऊन येतो. 'तुझा शब्द तिथं चालतो,' असं तू लिहिलं आहेस. हे वाक्य मी चार वेळा वाचलं.

गुरुवारी मी गेलो. सात वर्षांनी. इसरू अंगणात सुतळी वळत बसला होता. त्याचा उजवा पाय मांडीपासून वाळला आहे. चितरीला आपण नेलं त्याच्या पुढच्या हंगामात, धान कापायच्या दिवसांत, तो शेतावर एकटाच जागत होता. डुकरानं मांडी फाडली. तीन महिने तो खाटेवर होता, आणि त्याच पायानं पुढच्या वर्षी तो माझ्या दुकानापर्यंत आला होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. बादली सांगितली, खिडकी सांगितली, फोन सांगितला. गावातले चारपाच जण येऊन उभे राहिले होते, त्यांच्यासमोरच सांगितलं. कोणी मला मधे थांबवलं नाही. माझं संपल्यावर बुधरी बाहेर आली आणि तिनं एकच विचारलं, "मरतानी तिले पानी कोनं पाजलन?" मला आठवेना. मग आठवलं, कोणीच नाही. आधी मी फोनवर होतो, मग पिल्लं काढण्यात. मी तसं सांगितलं. ती आत गेली.

इसरूनं हातातल्या सुतळीचा पीळ पुरा केला. मग म्हणाला, "बाजारात येत जा. भांडे लागतेत आमाले." मी उठलो. तो पुढं म्हणाला, "घरी नको येऊ." माझ्या चपला अंगणाबाहेर होत्या, त्या घातल्या आणि निघालो. वाटेत त्या गावची दोनतीन पट्टेवाली कुत्री दिसली. ती माझ्यामागं आली नाहीत.

रविवारी तू येऊ नकोस. आलास तर जीप गावाच्या अलीकडेच थांबवतील आणि तुला पाणीसुद्धा कोणी विचारणार नाही. पण पत्र तेवढ्यासाठी लिहिलेलं नाही. सुरुवातीच्या वेतांच्या गिऱ्हाइकांचे पत्ते माझ्याच वहीत होते, तुला आठवत नसेल. ती वही काढून मी या आठवड्यात एकेकाला पोस्टकार्ड लिहिलं. तुमच्या कुत्र्याची आई कोण होती, ती कुणाची होती, ती कशी ठेवली गेली आणि कशी मेली, एवढंच. बादली कोणी भरली तेही लिहिलं आहे, खाली माझं नाव आणि दुकानाचा पत्ता आहे. तुझ्या नव्या केनेलचा पत्ताही दिला आहे, म्हणजे विचारायचं असेल तर लोकांना विचारता येईल. कार्डं आज सकाळी पेटीत टाकली. हे पत्र त्यांच्याबरोबरच निघेल आणि नागपूरला त्यांच्याबरोबरच पोचेल. तू विचारशील, अजीम, तू माझ्या पाठीमागं हे केलंस? नाही. सात वर्षांत पहिल्यांदाच तुझ्या तोंडावर काही करतो आहे. आता फोन कर. या वेळी मी उचलीन, आणि 'बरं' म्हणणार नाही.

तुझाच, आणि तुझ्याइतकाच दोषी,
अजीम